फादरची बायको

कुणाच्याही घरी गेली की ती चप्पल काढायची आणि लगेच वाकून रस्त्याकडे तोंड करून ठेवायची. मग आत यायची. मी एकदा विचारलं, "ताई, हे काय नवीन?" तर म्हणाली, "आमच्या बदलीचं काय खरं हाय का, बाई? निघायच्या तयारीतच बसावं." आणि मग अशी ऐसपैस बसायची की दीड तास हलायची नाही. चहा दोनदा व्हायचा. निघताना वर म्हणायची, "बसलेच न्हाई मी, घाई हाय."

अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. पण तुमच्या बाईनं तुमच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या नसतील. माझ्या वाटल्या. म्हणून तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. एक तर ती आता नाही, आणि दुसरं म्हणजे ते नाव नुसतं ओठावर आलं तरी अजून माझ्या कपाळाला आठी पडते.

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावात आमच्या गल्लीत सगळे तिला फादरची बायको म्हणायचे. नवरा पाळक होता. कुठल्याशा ख्रिस्ती मंडळीनं त्या कुटुंबाला इकडे पाठवलं होतं. "फादर लग्न करत न्हाईत हो, आमचे हे पास्टर हायत," असं तिनं पहिल्या महिन्यात घरोघरी जाऊन समजावलं. लोक माना डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून विचारायचे, "फादर आहेत का घरी?" शेवटी थकून तीच आतून ओरडायला लागली, "फादर आंघोळीला गेले हायत, थांबा जरा!"

माहेर तिचं देगलूरकडचं. रागावली की तोंडात एखादा तेलुगू शब्द यायचा, पण तो कधी कुणी नीट ऐकला नाही, कारण लगेच ती ओठ मिटून घ्यायची. दोन मुली, थोरली आठवीत, धाकटी पाचवीत. भाड्याच्या दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये रविवारची उपासना. पास्टर किडकिडीत, चष्मेवाले, मोटारसायकलवरून खेडोपाडी फिरणारे. आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालणारे! बायकोची साडी दोन्ही हातांनी झटकून, काठाला काठ लावून दोरीवर टाकायचे. आमच्या गल्लीत हे कुणी बघितलं नव्हतं. शेजारणीनं तर नवऱ्याला मुद्दाम वर बोलावून दाखवलं. तो बिचारा पुढं आठ दिवस गच्चीवर फिरकला नाही.

दर गुरुवारी नवरा-बायको सरकारी दवाखान्यात खिचडीचं पातेलं घेऊन जायचे. पेशंटच्या बरोबर आलेल्या माणसांना वाढायचे, कारण ती माणसं पेशंटच्या नादात उपाशी राहतात. नाताळात आमच्या सगळ्यांच्या घरी करंज्या, शंकरपाळ्या यायच्या, दिवाळीत आमच्याकडून तिच्याकडे जायच्या. तिची करंजी माझ्यापेक्षा बरी होती. मी ते तिला कधी सांगितलं नाही.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आलाय त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. हो, ती येशूचं बोलायची. कशाला खोटं बोलू? बायबलमधल्या वचनांचं कॅलेंडर सगळ्यांना वाटायची. माझ्या स्वयंपाकघरात ते टांगलेलं होतं, मी त्यावर सिलेंडर लावल्याची तारीख लिहायची. पण शिवणकाम चालू असताना तिनं कधी कुणाला त्यातलं एक अक्षर ऐकवलं नाही. कुणी आपणहून विचारलं तरी म्हणायची, "सुई हातात असली की एकच काम. ते रविवारी विचार." आणि एकाही मुलीला तिनं रविवारी ये म्हणून गळ घातली नाही. हे मला पक्कं माहीत होतं. पुढं मी काय केलं ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

माझं सांगायचं तर नायगावात माझा शिवणक्लास बावीस वर्षांचा. मूलबाळ नाही. नवरा गेला तेव्हा सासरी मी कुणाची तरी विधवा झाले. कुणी नावानं हाक मारेना, सगळे "ती" म्हणायचे. क्लास काढला आणि मी बाई झाले. अर्ध्या तालुक्यातल्या बायकांचे ब्लाऊज माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरींनी शिवलेत. बाजारात मी निघाले की चार ठिकाणांहून "बाई, कुठं निघालात?" असं कानावर यायचं. त्यावरच मी जगत होते म्हणा ना.

ती आधी माझ्याच क्लासला आली. दोन महिने. ब्लाऊज शिकली. हात चांगला होता तिचा, हे लिहायलाही जड जातंय मला. कात्री अशी चालवायची की कापडाला कळू नये. मी इतर पोरींना तिचं काम दाखवायची. एक दिवस म्हणाली, "बाई, तुमच्यामुळं हाताला काम आलं. लई उपकार झाले." मी फुगले. आणि तिसऱ्या महिन्यात एका टेम्पोतून चार जुन्या मशिनी उतरल्या, थेट तिच्या शेडमध्ये. बाहेर पाटी लागली: मोफत शिवणवर्ग.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठून तिच्या दारात गेले.

"ताई, हे काय चाललंय?"

"या ना बाई, बसा. ज्या पोरींना फी झेपत न्हाई त्यांच्यासाठी काढलाय. तुमच्या पोरी मी न्हाई घेणार."

"फुकट म्हटल्यावर कोण थांबणार आहे माझ्याकडे?"

"मी परत पाठवीन की तुमच्याकडं."

आणि तिनं पाठवल्यासुद्धा. पण तिनं परत पाठवलेल्या पोरी माझ्याकडे आल्या नाहीत, घरी बसल्या. बाकीच्यांनी तिला सांगितलं की आम्ही कधी बाईंकडे नव्हतोच. दिवाळीपर्यंत माझ्या क्लासात सात पोरी उरल्या. बाजारात लोक विचारायला लागले, "बाई, क्लास चालू आहे ना अजून?" ते "अजून" मला सुईसारखं टोचायचं.

मी गप्प बसले. पण मनाशी म्हटलं, सोडणार नाही हिला.

संधी जून महिन्यात आली. एका शाळेच्या गणवेशाचं काम दरवर्षी माझ्याकडे यायचं. त्या वर्षी ते तिच्या वर्गाला गेलं. एवढं कमी होतं म्हणून की काय, ती माझ्याच दारात आली, चप्पल रस्त्याकडे वळवली आणि बसली.

"बाई, मला ब्लाऊज येतो, शर्ट न्हाई येत. शर्टाचं कागदी कटिंग द्या ना करून. पहिली ते सातवी. तुमच्यासारखं कटिंग नांदेडात कुणाला येत न्हाई."

मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच, की तिच्या जागी मी असते तर मला संशय आला असता. तिला नाही आला.

आमच्या कामातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कागदावर आपण अंगाचं माप आखतो. पण कापड शिवताना कडेनं दुमडावं लागतं, त्यासाठी एक बोट जास्त सोडायचं असतं. त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. मार्जिन सोडलं नाही तर शर्ट अंगाला आखूड आणि घट्ट होतो. माझ्या क्लासमधले कागद नुसत्या मापाचे असत. पण बाहेर कुणाला कटिंग द्यायचं झालं तर मी मार्जिन धरून द्यायची आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक फुली मारायची. फुली असली की कागद ठेवा, कापा, विचार करू नका. ही माझी पद्धत अख्ख्या तालुक्याला माहीत होती. तिलाही.

मी सात मापांचे कागद आखले. नुसत्या मापाचे. आणि सातही कागदांवर लाल पेन्सिलीनं, टोक करकरीत करून, ठसठशीत फुली मारली.

त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तिनं फुलीवर विश्वास ठेवला. ताग्याच्या घड्या घातल्या, कागद ठेवले, पोरींना घेऊन सगळं कापड कापलं, शिवलं. शाळेत पोरांना शर्ट घालून बघितले तेव्हा कुणाचं बटण लागेना, आणि कुणी हात वर केला की काखेत टर्रकन आवाज यायचा. गल्लीत दुपारपर्यंत बातमी. "फुकटच्या क्लासात दुसरं काय होणार!" मी दारात उभी राहून ते वाक्य दोनदा ऐकलं. एकदा ऐकून समाधान झालं नव्हतं.

संध्याकाळी ती आली. एका हातात शर्ट, दुसऱ्या हातात माझा कागद. बसली नाही. शर्टाची बाजू उसवून तिनं कागदावर ठेवली. कापड कागदाला तंतोतंत बसलं.

"फुली हाय की, बाई," ती म्हणाली.

मी ती उसवलेली बाजू उगाच हातानं सरळ केली.

"मी म्हटलं, माझंच चुकलं असंल. तीनदा मोजलं." मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या ओठावर तो तेलुगू शब्द आला, मी बघितला. तिनं गिळला. कागदाची घडी घातली, कंबरेला खोचली आणि गेली.

मला वाटलं, आता गल्लीभर माझी बदनामी करणार. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. पण तिनं एका शब्दानं कुणाला काही सांगितलं नाही. तिनं जे केलं ते फार वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती सहा पोरी आणि शर्टांची गाठोडी घेऊन माझ्या ओट्यावर हजर. "बाई, शेडमध्ये लाईट न्हाई. तुमच्या ओट्यावर उजेड चांगला हाय. दोनच दिवस बसतो."

लाईट नव्हती हे खरं होतं. पण उजेड काय फक्त माझ्याच ओट्यावर पडत होता? मी नाही म्हणू शकत होते का? गल्ली बघत होती. "बसा," म्हटलं. दोन दिवसांचे आठ दिवस झाले.

सगळ्या शर्टांच्या दोन्ही बाजू उसवायच्या, उरलेल्या कापडाच्या पट्ट्या कापून काखेपासून खालपर्यंत जोडायच्या आणि परत शिवायच्या. उसवायचं काम माझ्या ओट्यावर. माझा ओटा म्हणजे भर रस्ता. भाजीवाली, पोस्टमन, शाळेचे मास्तर, जो जाईल तो थांबायचा.

"काय करून राहिल्या, फादरणीबाई?"

"चूक झाली हो. दुरुस्त करून राहिलो."

"कुणाची चूक?"

इथं ती थांबायची. मान वर करून माझ्या दाराकडे बघायची. मी आत पडद्यामागे उभी. मग सावकाश म्हणायची, "आमचीच की. दुसऱ्या कुणाची असणार?"

दिवसातून वीस वेळा! वीस वेळा माझा जीव वर-खाली व्हायचा. वर सात जणींचा चहा मलाच करावा लागायचा, कारण ओटा माझा. ती चहाचा घोट घ्यायची आणि म्हणायची, "बाईंच्या हातचा चहा म्हणजे चहा." तुम्हीच सांगा, याला सूड नाही तर काय म्हणायचं?

चौथ्या दिवशी माझ्याच्यानं राहवेना. पोरी ब्लेडनं उसवताना कापड फाडत होत्या. बावीस वर्षं शिकवलेल्या बाईला ते बघवत नाही. मी अर्धं ब्लेड घेऊन बाहेर आले, एका पोरीच्या हातातला शर्ट हिसकला आणि खाली बसले. "असं नाही गं, टाका उचलून काप. आई शिकवते का तुला असलं?" तिनं सरकून मला जागा करून दिली. उरलेले चार दिवस आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून उसवत होतो. एकदा आमची दोघींची ब्लेडं एकाच वेळी बोटाला लागली, तेव्हा दोघीही हसलो. लगेच त्या फुलीची आठवण झाली आणि दोघींनी माना खाली घातल्या.

आठव्या दिवशी शेवटचा शर्ट झाला. गाठोडं बांधताना ती हळूच म्हणाली, "आता फिटलं आपलं, बाई."

मीही मनात म्हटलं, फिटलं. इथं थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण आला रविवार. शेडमध्ये उपासना, माइक चालू, आवाज गल्लीभर. रोजची गाणी झाली, पास्टरांचं बोलणं झालं, मग तिची प्रार्थना. आणि माइकवरून माझ्या कानावर आलं: "हे प्रभू, आमच्या समोरच्या शिवणक्लासच्या बाईंना शांती दे. त्यांच्या मनातलं कडू काढून टाक. त्यांचे हात खरे कर."

त्यांचे हात खरे कर! अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. शेजारीण गॅलरीत येऊन माझ्या घराकडे बघायला लागली. मी पोळी लाटत होते, लाटणं तसंच राहिलं. आठ दिवस ओट्यावर नाक घासून घेतलं ते कमी होतं का? फिटलं म्हणाली होती ना ही? आणि आता देवाच्या नावाखाली माझी अब्रू वेशीवर टांगली! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पुढचे दोन रविवारसुद्धा तेच. "हात खरे कर."

नेमक्या त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचा सिमेंटवाला माझ्याकडे आला. त्याला ती शेड गोदामासाठी हवी होती, हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. घरमालकाकडे आणि नगरपंचायतीकडे गल्लीचा अर्ज द्यायचा म्हणाला. माइकचा त्रास, गर्दीचा त्रास, आणि मग आवाज खाली करून, "पोरी बिघडायला लागल्यात." त्यानं लिहून आणलेला कागद मी वाचला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

"आणा इकडे," मी म्हटलं. "मी लिहून देते."

माझ्या सुवाच्य अक्षरात मी अर्ज लिहिला. माइकचं खरं होतं, ते लिहिलं. गर्दीचं अर्धं खरं होतं, तेही लिहिलं. आणि पोरींचं साफ खोटं होतं. ते मला माहीत होतं. पेन क्षणभर थांबलं. मग "हात खरे कर" आठवलं आणि तेही लिहून टाकलं. पहिली सही माझी. बाईंची सही आहे म्हटल्यावर गल्लीनं पटापट सह्या केल्या.

घरमालक घाबरट माणूस. महिन्याच्या आत घर खाली करा म्हणाला. मंडळीनं त्यांची बदली किल्लारीला केली. मुलींची शाळा अर्ध्यावर सुटली. थोरली त्या दिवशी टेम्पोत चढताना रडत होती, आणि पास्टर मशिनींना दोऱ्या बांधत होते. मी खिडकीच्या पडद्यामागे.

ती माझ्या फाटकाशी आली. आत नाही आली. चप्पलही नाही काढली. तिथूनच, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येते, बाई! अक्षर लई चांगलं हाय तुमचं!"

घरमालकानं तिला अर्ज दाखवला होता.

झालं. मी जिंकले. शेडमध्ये सिमेंटच्या गोण्या आल्या. रोज सकाळी ट्रक लागतो, गोण्या पडतात, धुराळा उडतो आणि माझ्या मशिनीवर बसतो. रविवारची गाणी तासाभराची होती, हा आवाज आठवडाभराचा आहे. आणि पोरी? एकही परत आली नाही. ज्यांना फी झेपत नव्हती त्या तर नाहीच, ज्यांना झेपत होती त्यांनी नांदेडला जाऊन कॉम्प्युटर शिकायला घेतला. क्लासात तीन पोरी उरल्या. बाजारात मला अजूनही बाई म्हणतात, पण क्लासचं कुणी विचारत नाही.

दोन वर्षांनी लातूरला भाचीचं लग्न होतं. लग्न लागलं, मी जेवले आणि कुणाला न सांगता किल्लारीची एसटी धरली. कशासाठी? माफी मागायला, असं मी बसमध्ये स्वतःला सांगत होते. भांडायला, असंही सांगत होते. भूकंपानंतर बांधलेल्या सरळ सरळ गल्ल्या, सगळी घरं सारखी, चारदा चुकले. शेवटी एकानं विचारलं, "फादरची बायको का? ती पुढची गल्ली." मला हसू आलं. इथंही तिनं समजावून झालेलं दिसत होतं.

ती दारात धान्य निवडत होती. वाळली होती फार. मला बघून सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"या," म्हणाली.

मी उभीच राहिले. बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले. एकदम तोंडातून गेलं, "पोरींचं मी खोटं लिहिलं होतं."

"माहीत हाय."

"मग तुम्ही माइकवरून माझं नाव का काढलंत? फिटलं म्हणाला होतात ना?"

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "ती प्रार्थना न्हवती, बाई. राग होता. ओट्यावर आठ दिवस बसूनसुद्धा गेला न्हवता. प्रार्थनेत घालून काढला. ह्यांनी मला लई बोललं तवा. ते पाप माझं हाय." एवढं बोलून तिनं वर बघितलं. "तुम्ही केलं का मला माफ?"

इतक्या लांब आले होते. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तिच्याशी एकदा खोटं वागले होते, तेवढं पुरे होतं.

"नाही," मी म्हटलं.

"मी पण न्हाई केलं," ती म्हणाली. "थोरलीचं वरीस गेलं. मी रोज बसते माफ करायला. लोकांना सांगते माफ करा म्हणून, आन माझंच जमंना. तुमचं तोंड समोर येतंय आन..." तो तेलुगू शब्द या वेळी तिनं गिळला नाही. अर्थ कळला नाही, पण कळला. मग म्हणाली, "बसा. चहा टाकते."

मी बसले. दीड तास बसले. चहा दोनदा झाला. तिनं मला तिचा नवा वर्ग दाखवला, शर्टाचं कटिंग दाखवलं. मी दोन चुका काढल्या, तिनं एक मान्य केली. दुसरीवरून आम्ही कडकडून भांडलो. पास्टर बाहेरून आले, आमचा आवाज ऐकून दारातच थबकले आणि परत बाहेर गेले. निघताना ती स्टँडपर्यंत आली नाही. "परत या," म्हणाली. "तोवर करते प्रयत्न."

परत जाणं झालं नाही. गुडघे, क्लास, हे-ते. कारणं काय, हवी तेवढी मिळतात. गेल्या वर्षी पास्टरांचा फोन आला. पोटाचं दुखणं होतं, लातूरच्या दवाखान्यात तीन आठवडे होती. गेली. मातीसुद्धा होऊन गेली होती. त्यांना आधी कळवायचं सुचलं नाही, म्हणून ते माझीच माफी मागत होते.

मी विचारलं, "शेवटी शेवटी बोलत होत्या का?"

"हो. शुद्धीत होती. एकेकाचं नाव घेऊन माफ केलं तिनं सगळ्यांना. घरमालक, सिमेंटवाले, भावकीतले. सगळ्यांना."

"आणि मला?"

मला वाटलं फोन कट झाला. पाळकाला खोटं बोलता येत नाही, ही त्या माणसाची फार मोठी अडचण.

"ते राहिलं, बाई," ते म्हणाले.

"बरं."

"पण तुमची आठवण ती रोज काढायची. किल्लारीला आल्यापासून एक दिवस सुटला नाही. आजारात सुद्धा."

"काय म्हणायच्या?"

"ते..." पास्टर घुटमळले. "ते माझ्या तोंडी शोभणार नाही."

मला हसू आलं. फोनवर, त्यांची बायको गेलेली असताना, मी हसले. तेही हसले, आणि मग त्यांना रडू कोसळलं. मी फोन कानाला धरून तशीच बसून राहिले, त्यांचं रडणं थांबेपर्यंत.

माफ मी तिला अजून केलेलं नाही. तिनंही केलं नाही. पण नवरा गेल्यापासून या जगात रोज न चुकता माझं नाव घेणारं माणूस एकच होतं, आणि ते शिव्या देत घ्यायचं. आता तेवढंही कुणी नाही.